गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नसेजवळची नळी: म्हाताऱ्या माणसांना द्यावी का?

पंचवटीकर: आईचा गुडघा बदलला मागच्या महिन्यात, इथेच नाशिकला. दुखू नये म्हणून जांघेत नसेजवळ बारीक कॅथेटर ठेवलेला, त्यातून बधिर करायचं औषध पंपाने सारखं चालू. दुखत नव्हतं हे खरं, पण दुसऱ्या रात्री मला न उठवता एकटीच बाथरूमला निघाली आणि पायात जोरच नाही, धाडकन पडली. टाके वाचले नशिबाने. नंतर कळलं की त्या नसेच्या ब्लॉकने, म्हणजे नस बधिर केल्याने, मांडीचा पुढचा स्नायूच ढिला पडतो, म्हणजे गुडघा वजन धरत नाही. आधी एका शब्दाने कोणी बोललं नाही. माझं मत, साठीच्या पुढे ही नळी नकोच.

सातपूरची सिस्टर: दादा, आई पडल्या ते वाचून वाईट वाटलं, आणि सांगायला हवंच होतं. पण नकोच म्हणू नका. नळी नाही तर ट्रामाडॉल नाहीतर मॉर्फीनसारखं दुखण्यावरचं कडक औषध वाढतं, मग उलट्या, गुंगी, वयस्कर पेशंट रात्री बरळायला लागतात, गुंगीतपण माणूस पडतोच की. आता बरेच भूलतज्ज्ञ जांघेऐवजी मांडीच्या मध्यावर अ‍ॅडक्टर कॅनालमध्ये, म्हणजे स्नायूंमधल्या नसेच्या वाटेत देतात, ताकद बरीच राहते.

निफाडकर: मी पंचवटीकरांच्या बाजूने. आमच्या काकांना खांद्यासाठी मानेजवळ असाच कॅथेटर लावलेला, त्यांना आधीच दमा, वरून आवाज बसला आणि श्वास पुरेना. त्या ब्लॉकने त्या बाजूचा श्वासाचा पडदा पण बधिर होतो म्हणे. मग दमेकऱ्याला लावताच कशाला?? त्यात नळी सरकली, ड्रेसिंग ओलं, पहाटे ३ ला दुखून ओरडत होते.

सातपूरची सिस्टर: दमा असेल तर दुसरा पर्याय बघायला हवा होता, हे मान्य. नळी सरकणं, गळणं तर कायमचंच आहे. जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण नळी जास्त दिवस राहिली की धोका वाढतो, म्हणून २-३ दिवसांत काढतात. मला जास्त भीती औषध रक्तात जायची वाटते. तोंडाभोवती मुंग्या, जिभेवर धातूसारखी चव, कानात घुंई असं काही झालं तर पंप बंद करायला लावा आणि लगेच बोलवा, पुढे झटके येऊ शकतात, हृदयावरपण येतं.

पंचवटीकर: ताई, हे तुम्ही इथे ५ ओळीत सांगितलंत, आम्हाला फॉर्मवर फक्त सही करायला लावली. दुसरा गुडघा दिवाळीनंतर आहे. अ‍ॅडक्टरचं विचारीन, पण आई अजून पलंगावरून उतरताना माझा हात सोडत नाही.