सल्ला हवा: मुंबईत क्रूझवरून उतरून अमळनेरला कसं परतावं?

अमळनेरची_सून: गोव्याची क्रूझ आटोपून सकाळी बॅलार्ड पिअरला उतरणार. आम्ही दोघं, सासूबाई (६८) आणि सासरे (७६). मोठ्या बॅगा आहेत. चौघांचं बजेट ३,००० रुपये. काय सोयीचं पडेल?

जामनेरकर: सरळ इनोव्हा करा. आम्ही दुबईहून आलो तेव्हा विमानतळावरून तीच केली, घराच्या ओट्यापर्यंत आणून सोडलं. पैशाकडे बघू नका.

भुसावळ_जंक्शन: त्यांनी ३,००० लिहिलंय हो! ताई, सीएसएमटी तिथून टॅक्सीने जवळच. गीतांजली विसरा, ती पहाटेच सुटते. दुपारची सेवाग्राम घ्या, रात्री जळगाव.

पाचोरेकर: सेवाग्रामच घ्या. पण रिझर्व्हेशन आत्ताच करा.

रेल्वेवेडा: १९१२ मध्ये पंजाब लिमिटेड याच बॅलार्ड पिअरच्या मोल स्टेशनातून सुटायची. विलायतेचे साहेब बोटीतून उतरले की थेट डब्यात! आजची पंजाब मेल ती हीच, भुसावळवरूनच जाते.

जामनेरकर: साहेबांना हमाल होते. इथे बॅगा कोण उचलणार? म्हणून म्हणतो, इनोव्हा.

धुळेकर_भाऊ: ताई, इतला ताण कशाले? अमळनेर सुरत लाइनवर. जळगावला उतरून रात्री परत मागे कशाला यायचं? धुळ्यावरून जा.

भुसावळ_जंक्शन: धुळेकरांना सगळं धुळ्यावरूनच दिसतं.

चोपड्याची_माई: गाडीचं नंतर बघा, आधी बोटीवरून नीट उतरा. आदल्या रात्री मोठ्या बॅगांना टॅग लावून केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट खाली टर्मिनलात मिळतात. आमच्या भाऊजींनी सगळे कपडे त्यातच कोंबले आणि सकाळी बर्म्युडा नि स्लीपरवर अख्ख्या रांगेत उभे! सासऱ्यांच्या गोळ्या, आधार, चार्जर, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत. खात्याचं बिलही रात्रीच तपासा, सकाळी काउंटरवर ही गर्दी. भाऊजींच्या नावावर कुणाची तरी बिअर लागली होती. ते माळकरी!

जामनेरकर: माळकरी म्हणे 😀

पाचोरेकर: बॅगांना टॅग लावा. आणि समुद्रात फोन फ्लाइट मोडवर ठेवा, जहाजाचं नेटवर्क पकडलं तर रोमिंग लागतं.

चोपड्याची_माई: टॅगचं मी वरच लिहिलंय.

अमळनेरची_सून: सर्वांचे आभार. माईंची यादी कपाटाला चिकटवली. पण एसटीने येतोय. मुंबई सेंट्रलहून धुळे, तिथून अमळनेर. सासऱ्यांना पंचाहत्तरीवर असल्याने फुकट, आम्हा दोघींना अर्धं. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंदच आहे. शिवाय सासरे एसटीतून रिटायर झालेत, रेल्वेचं नाव काढलं की गप्प बसतात.

भुसावळ_जंक्शन: चौघं, एवढं सामान घेऊन, एसटीने?? कसाऱ्याला आठवण काढाल माझी.

जामनेरकर: इनोव्हाचा नंबर पाठवू का?