कॅल्शियम वाढलंय आणि किडनीत साठे दिसतायत, हार्मोनमुळे होतं का हे?

शुक्रतारा: आईच्या सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांत कॅल्शियमचे साठे दिसले, रिपोर्टवर नेफ्रोकॅल्सिनोसिस लिहिलंय. रक्तातलं कॅल्शियम ११.४. डॉक्टरांनी आता पीटीएच हार्मोनची टेस्ट सांगितलीये. घरचे म्हणतात दूध बंद कर आणि तिने केलंय पण. हार्मोनचा किडनीशी संबंध काय ते कुणी नीट सांगेल का?

रानवाट: गळ्यात थायरॉईडच्या मागे चार छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की त्या पीटीएच सोडतात, मग हाडांतून कॅल्शियम निघतं, किडनी ते लघवीत जाऊ न देता परत ओढते, शिवाय व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप बनवते म्हणून आतड्यातूनही जास्त शोषलं जातं. पातळी भरली की पीटीएच कमी व्हायला हवं, पण एखाद्या ग्रंथीत गाठ झाली (बहुतेकदा एकाच, आणि कॅन्सरची क्वचितच) तर ती थांबतच नाही. मग रक्तातच इतकं कॅल्शियम होतं की किडनीने कितीही परत ओढलं तरी उरतंच, ते लघवीत उतरतं, फॉस्फेटशी मिळून कण बनतात आणि किडनीच्या आतल्या भागात बसतात. दूध प्लीज परस्पर बंद करू नका, हाडांतून निघणारं कॅल्शियम त्याने थांबत नाही, उलट आहारात कॅल्शियम फार कमी झालं तर ऑक्झलेट (अन्नातला घटक, कॅल्शियमशी मिळून खडे बनवतो) जास्त शोषलं जातं आणि खड्यांचा धोका वाढतो.

गवतफूल: रिपोर्ट आला की एक बघा, कॅल्शियम वाढलेलं असताना पीटीएच 'नॉर्मल' आला तरी तो नॉर्मल धरायचा नाही, तो दबलेला असायला हवा होता. अगदी कमी आला तर कारण दुसरीकडे शोधतात. व्हिटॅमिन डीचे हाय डोस चालू आहेत का? असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन पण विचारा.

शुक्रतारा: डीची पावडर चालू होती, किती दिवस ते विचारते तिला. साठे विरघळतात का पण?

रानवाट: बसलेले साठे सहसा तसेच राहतात, पण गाठ निघाली तर नवीन भर थांबू शकते, म्हणून पीटीएचमुळेच असेल तर किडनीत साठे असताना ऑपरेशनचा सल्ला देतात. आणि तिला तहान लागते का, लघवी जास्त होते का बघा. वाढलेल्या कॅल्शियममुळे किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, अंगातलं पाणी कमी झालं की कॅल्शियम अजून चढतं. उलट्या, गुंगी किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर टेस्टची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या.