गावाचं नाव कसं पडलं, हे शोधायचं कुठून?

गावकूस:
मंडळी, ग्रामपंचायतीच्या आवारात गावाच्या माहितीचा फलक लागणार आहे. त्यात 'नावाचा उगम' म्हणून चार ओळी द्यायच्या आहेत. गावाचं नाव सावरगाव बुद्रुक. गावात सांगतात ती कथा अशी: एक साधू ओढा ओलांडताना घसरला आणि इथे येऊन सावरला, म्हणून सावरगाव. काहींचं म्हणणं, इथे पूर्वी शबर या आदिवासी जमातीच्या लोकांची वस्ती होती, त्यावरून नाव आलं. आणखी एक कोडं म्हणजे ओढ्यापलीकडचं सावरगाव खुर्द आज आमच्या दुप्पट आहे. मग बुद्रुक आम्ही कसे? कोणते कागद पाहायचे, कुठे मिळतात, आणि कशावर विश्वास ठेवायचा?

पांढरीकर:
आधी साधूला बाजूला ठेवू. महाराष्ट्रात सावरगाव नावाची गावं भरपूर आहेत. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी घसरून सावरलं असणं शक्य नाही. एकाच नावाची गावं जिल्ह्याजिल्ह्यांत असतील तर एकाच गावात घडलेली घटना त्या नावाचं कारण होऊ शकत नाही, ही पहिली चाळणी. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावांची यादी तालुकावार असते. त्यात तुमच्या नावाची सगळी गावं काढा आणि शेजारच्या गावांची नावंही लिहून घ्या.

मग साचा दिसायला लागतो: वडगाव, बोरगाव, पिंपळगाव, बाभूळगाव, पळसगाव. झाडाचं नाव आणि पुढे गाव. सावर म्हणजे काटेसावर, लाल फुलांची. तेव्हा सावरगाव याच रांगेत बसतं. आज गावात एकही सावर उभी नसेल तरी बिघडत नाही. झाड शंभर वर्षांत जातं, नाव राहतं. पुरावा शिवारात शोधायचा. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना भरलेला असे. संगणकीकृत उताऱ्यावर तो बहुतेक वेळा रिकामाच दिसतो. जुन्या उताऱ्यांत सावरीचा माळ, सावरओढा असं एखादं थळ, म्हणजे शिवारातल्या जागेचं नाव, सापडलं की तुमचं निम्मं काम झालं.

इथे एक अडचण येते. जमिनींच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतर (कायदा १९४७ चा) सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे जुनं थळ आजच्या नकाशावर कुठे पडतं हे थेट कळत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा आणि जुना गावनकाशा दोन्ही घ्या. नुसता नकाशा घेऊन आलात तर पुन्हा हेलपाटा.

मोडीवाचक:
पांढरीकरांनी शिवार सांगितलं, मी दप्तराचं सांगतो.

एक तक्ता करा. रकाने पाच: साल, कागदाचा प्रकार, लिपी, नाव जसंच्या तसं, कागद कुठे पाहिला. 'जसंच्या तसं' हे महत्त्वाचं. लिहिणाऱ्याने 'साऊरगाव' लिहिलं असेल तर तुम्ही 'सावरगाव' करायचं नाही. तो उच्चारच तुमचा पुरावा आहे.

आज हाताशी असलेल्या कागदापासून मागे जायचं. सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे. त्याआधीचं ब्रिटिश काळातलं सर्वेक्षण. मुंबई इलाख्याची गॅझेटिअर्स त्याच सुमाराची, पुण्याचे खंड १८८५ चे आहेत. पश्चिम महाराष्ट्रातलं गाव असेल तर त्यामागे पुणे पुरालेखागारातलं पेशवे दप्तर. मराठवाड्यात निजामी काळाचे बरेच कागद उर्दूत आहेत, आणि उर्दूत ळ नाही. तिथे 'ल' दिसला म्हणून मूळ नावात 'ल'च होता असं धरू नका. रोमन लिपीचीही तीच गत, म्हणून परळचं परेल झालं. शीव हा मुंबई बेट आणि साष्टी यांच्या सीमेवरचा भाग, नावाचा अर्थही सीमाच. इंग्रजी स्पेलिंगवरून परत मराठीत येताना त्याचं सायन झालं आणि अर्थ पुसला गेला.

मोडीत दोन खड्डे आहेत. पहिला, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. म्हणून वेलांटी-उकारावर बेतलेली व्युत्पत्ती मोडी कागदाच्या आधारे मांडू नका. दुसरा, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. 'मौजे', गावाचं नाव, 'तर्फ' (काही गावांचा महसुली गट) आणि तर्फेचं नाव एका ओळीत जोडून येतं. नवखा वाचणारा तर्फेचं पहिलं अक्षर गावाच्या नावाला चिकटवतो आणि नसलेलं गाव जन्माला घालतो.

सालांचं गणित, म्हणजे इसवी सन काढायचं: शकात ७८ मिळवा, जानेवारी ते मार्च असेल तर ७९. सुहूर सनात (जुन्या मराठी दप्तरातली एक कालगणना) ५९९ किंवा ६००, कारण ते वर्ष मृगाला बदलतं. दख्खनी फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१. सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहितात. 'खमस सबैन अलफ' म्हणजे पाच, सत्तर, हजार. १०७५ चा जून असेल तर इसवी सन १६७४.

गावकूस:
सातबारा आणि नकाशाचं कळलं. पण शबर? ते म्हणणारे शिक्षक आहेत, सहज सोडणार नाहीत.

पांढरीकर:
शबरचं सवर होणं उच्चाराच्या दृष्टीने अशक्य नाही, हे त्यांना मान्य करा. मग विचारा, शबर असा पाठ कोणत्या लेखात आहे? जुनं रूप आणि आजचं रूप यांच्यामधली साखळी दाखवता आली तरच असा उगम टिकतो. ठाण्याची दाखवता येते, शिलाहारांच्या लेखांत श्रीस्थानक आहे. प्रतिष्ठानचं पैठण, करहाटकचं कऱ्हाड, तगरचं तेर. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या ७६८ सालच्या ताम्रपटात 'पूनक विषय' (विषय म्हणजे तेव्हाचा प्रशासकीय विभाग) येतो, त्यावरून पुणे मागे नेता येतं. लेख हाती नसताना आजच्या नावाला संस्कृत शब्द जुळवायला बसलं तर कोणतंही नाव कशाशीही जुळतं. गावोगावची माहात्म्यं याच कृतीने तयार झाली आहेत.

मुंबईतला भेंडी बाजार घ्या. 'बिहाइंड द बाजार'चा अपभ्रंश म्हणून ही गोष्ट अजून फिरते. पण त्याच शहरात उमरखाडी, चिंचपोकळी, फणसवाडी, ताडवाडी आहेत. एवढी झाडं आजूबाजूला असताना भेंडीच्या झाडांना (भाजीची भेंडी नव्हे, भेंडीचा वृक्ष) सोडून साहेबाच्या इंग्रजीकडे जायची गरज काय?

शिवारफेरी:
बुद्रुक-खुर्दचं मी सांगते. दोन्ही फारसीतून आले, बुजुर्ग म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. गावाचे दोन भाग स्वतंत्र झाले त्या वेळी जे थोरलं मानलं गेलं त्याला बुद्रुक लागलं आणि वसुलीच्या कागदात ते पक्कं झालं. नंतर धाकट्याकडून रस्ता गेला, बाजार भरला, कारखाना आला, लोकसंख्या उलटली, तरी शिक्का बदलत नाही. म्हणून तुमच्या फलकावर 'बुद्रुक म्हणजे मोठे गाव' एवढंच लिहिलंत तर खुर्दवाले हसतील. 'विभागणीच्या वेळचा थोरला भाग' असं लिहा.

महसुली नाव किती चिवट असतं ते पुण्यात दिसतं. कर्वेनगर हे मुळात हिंगणे बुद्रुक, शिवाजीनगर हे भांबुर्डे. खरेदीखतात आजही मौजे म्हणून जुनी नावं येतात. शहरातल्या वस्तीचा शोध घेताना टपालाच्या पत्त्यावर जाऊ नका, खरेदीखतातली 'मौजे'ची ओळ बघा.

एकाच नावाची गावं वेगळी ओळखायला जोडलेला दुसरा शब्दही वाचायला शिका. तळेगाव दाभाडे आणि तळेगाव ढमढेरे यांत घराणी आहेत. देवाची आळंदी आणि म्हातोबाची आळंदी यांत देव. वडगाव मावळमध्ये प्रदेश. हा जोडशब्द मूळ नावापेक्षा नवा असतो, त्यामुळे दोघांचा उगम एका वाक्यात सांगायचा नाही.

मोडीवाचक:
पेठांचं थोडं वेगळं असतं, कोणी शहरातून वाचत असेल तर. तिथे नाव बहुधा ठरवून दिलेलं असतं आणि राज्यकर्ता बदलला की बदलतं. पुण्यातली सोमवार पेठ आधी शहापूर, रविवार मलकापूर, शनिवार मुर्तजाबाद. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नाना पेठ नाना फडणविसांच्या, रास्ता पेठ सरदार रास्त्यांच्या. वाराचं नाव दिसलं की 'त्या दिवशी बाजार भरायचा' असं लगेच लिहू नका. बाजाराची नोंद वेगळी शोधावी लागते. आळ्यांचं मात्र सरळ असतं. तांबट आळीत तांबट, बुरूड आळीत बुरूड.

शिवारफेरी:
आळीवरून आठवलं. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. त्यानंतर अनेक वाड्या-वस्त्यांची समतानगर, क्रांतीनगर अशी नावं झाली. ते योग्यच झालं. संशोधनाच्या तक्त्यात जुनं नाव सालासह ठेवा, फलकावर आजचं अधिकृत नावच जाऊ द्या.

गावकूस:
छान. मग चार ओळींत काय काय बसवू?

पांढरीकर:
पहिल्या ओळीत सापडलेलं सर्वांत जुनं लिखित रूप, साल आणि कागद. दुसऱ्या ओळीत सावर झाड, आणि थळ सापडलं तर त्याचं नाव गट नंबरासह. तिसरीत बुद्रुक, शिवारफेरींनी सांगितलं तसं. साधू चौथ्या ओळीत येऊ द्या, 'ग्रामस्थ अशी कथा सांगतात' एवढ्या शब्दांत. त्याला वगळलंत तर फलक लागायच्या आधीच ग्रामसभेत वाद होईल. आणि रंगाऱ्याला मजकूर देण्याआधी खुर्दच्या पोलीस पाटलांना एकदा वाचायला द्या. जुने कागद कधी कधी त्यांच्याच बाजूला निघतात.