मदत हवी आहे : कोकम सिरपचा लाल रंग दिवाळीपर्यंत तपकिरी का पडतो?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे राजापूरला मे महिन्यात रातांबे (कोकमाची ताजी फळं) उतरवले की फोडून बिया काढतात, वाट्या साखरेचे थर देत काचेच्या बरणीत भरतात आणि बरणी उन्हात ठेवतात. सिरप सुटतं तेव्हा रंग बघत राहावा असा असतो. गणपतीपर्यंत तो टिकतो, दिवाळीच्या सुमारास मात्र तपकिरी झाक येते. चव तीच, बुरशीही नाही. ओळखीच्या घरांना मी हे सिरप विकते आणि त्यात वरून रंग घालायचा नाही हे माझं पक्कं आहे, म्हणून विचारतेय.

वाचून एवढं कळलं की हा रंग अँथोसायनिनचा, म्हणजे फळाफुलांना लाल-जांभळा रंग देणाऱ्या द्रव्यांचा. कोकमात मुख्यतः सायनिडिन-३-ग्लुकोसाइड आणि सायनिडिन-३-सँब्युबायोसाइड असतात, दोन्ही पाण्यात विरघळतात. सामू (pH, जितका कमी तितकं आंबट) ३ च्या खाली ती लाल राहतात, ४-५ ला फिकी पडतात, त्यापुढे निळसर होतात. पण कोकम तर कमालीचं आंबट, मग रंग जातोच का? उन्हामुळे? नात्यातल्या एका काकांनी व्हिटॅमिन सी ची पूड घालायला सांगितलीय, तेही अँटिऑक्सिडंटच म्हणून. घालू का? आणि रंग गेला म्हणजे गुणही गेले असं समजायचं का?

उत्तर

ताई, व्हिटॅमिन सी अजिबात घालू नका. ऐकायला उलटं वाटेल, पण हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि तेच अँथोसायनिन मोडतं. फळांच्या रसांत हा अनुभव जुना आहे.

आंबटपणा रंग लाल ठेवतो, पण उष्णता, उजेड आणि ऑक्सिजन यांच्यापासून वाचवत नाही. शिवाय आम्ल आणि उष्णता एकत्र आली की साखरेपासून फरफ्युरलच्या जातीची संयुगं बनतात, तीही रंग घालवतात. म्हणून बरणी सावलीत ठेवा आणि साखर विरघळेपर्यंत रोज ढवळा. गाळलं की लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा, वर हवा राहू देऊ नका, आणि बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं, डाव काहीच लावू नका.

तपकिरी झालं म्हणजे सगळे गुण गेले असं नाही. मूळ अँथोसायनिन कमी झालेलं असतं खरं, पण त्यातून बनलेल्या तपकिरी पदार्थांतही अँटिऑक्सिडंटचं काम करणारे फिनॉल गट उरतात. दुसरं म्हणजे कोकमाच्या सालीत गार्सिनॉल नावाचं पिवळं अँटिऑक्सिडंट असतं. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, त्यामुळे सिरपमध्ये फारसं येतच नाही, सालीतच राहतं. गाळल्यावर उरलेल्या वाट्या टाकत असाल तर टाकू नका.

पुन्हा मी

खूप आभार! वाट्या आम्ही वाळवून खातो, पण आता आमटीतही घालेन. एकच राहिलं: सावलीत ठेवलं तर साखर विरघळायला वेळ लागेल, तेवढ्यात आंबून फेस येणार नाही ना? तसं होऊ नये म्हणून साखरेचं प्रमाण काय ठेवता, कुणी घरी करत असेल तर कृपया सांगा.