ठासणीची रायफल: तिसऱ्या बारापासून गोळ्या फाकतात

प्रश्न (नाशिक): परवान्याची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची) रायफल, ५० मीटरवर कागदी निशाण. पहिले दोन बार जवळजवळ, पुढचे पसरतात. दारू वाढवू का?

उत्तर: अजिबात नको! काळी दारू जळली की निम्म्याहून अधिक घन राख उरते, नळीच्या खाचा भरतात, म्हणून गोळ्या फाकतात. दर बारानंतर एक ओलसर चिंधी, मग कोरडी. निथळती चिंधी घातली तर पाणी निपलपर्यंत (टोपीची ठिणगी दारूकडे नेणाऱ्या भोकाच्या तुकड्यापर्यंत) उतरतं आणि पुढचा बार फुसका जातो.

उत्तर: गजावर (दारू-गोळी ठासायच्या दांडीवर) पूर्ण ठासल्याची खूण करा. खूण नळीच्या वर राहिली तर गोळी दारूवर टेकलेली नाही. त्या पोकळीने नळी फुगते, फुटतेही. ठिणगी देणारी टोपी निपलवर सगळ्यात शेवटी बसवा.

उत्तर: राख ओल धरते. पावसाळ्यात त्याच दिवशी गरम साबणपाण्याने धुवा, वाळवा, तेल लावा.