काळ्या गाडीवर स्वर्ल मार्क्स न येता पॉलिश आणि वॅक्स कसं करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझी काळी सेडान आहे, ४ वर्षं झाली, जीवापाड जपतोय. सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसणारा मुलगा एकाच बादलीत फडकं बुडवून सगळ्या गाड्या पुसायचा, त्या फडक्यातल्या मातीनेच घात केला. सावलीत गाडी चकाचक दिसते पण उन्हात बॉनेटकडे बघितलं की सूर्याच्या भोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारखे बारीक गोल ओरखडे (यांनाच स्वर्ल मार्क्स म्हणतात), बघून खरंच जीव तुटतो हो.

आता त्याला बंद केलंय, दोन बादल्या आणि मायक्रोफायबर मिट (धुवायचा मऊ हातमोजा) घेऊन मीच धुतो. मागे एका दुकानातून पॉलिश करून घेतलं तर दोन-चार धुण्यांत सगळे ओरखडे परत वर आले, म्हणजे नुसते भरून झाकले होते, काढले नव्हतेच. वॅक्सने ओरखडे जात नाहीत, ते पॉलिशनेच घासून काढावे लागतात हे तेव्हा कळलं.

म्हणून ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर (पॅड गोल फिरवत हलवणारं पॉलिशचं मशीन) घ्यायचा विचार आहे. क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण काढणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवून मग मऊ फोम पॅडवर फिनिशिंग पॉलिश पुरेल का आधी कटिंग कंपाउंड (जास्त घासणारं जाडसर पॉलिश) लागेलच? क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) पातळ असतो, जास्त उडायची भीती वाटते. आणि आमच्याकडे बोअरचं पाणी, डाग राहतात, वॅक्स कार्नोबा (झाडापासून मिळणारं नैसर्गिक मेण) घेऊ की सिंथेटिक सीलंट (कृत्रिम संरक्षक थर)? काळ्या गाडीवर स्वतः केलेल्यांनी प्लीज सविस्तर सांगा.