मदत हवी आहे: भद्रगड-नीलकोट मोहिमेसाठी १५ मिमी सैनिकांचं रंगकाम आणि फौजांची रचना (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

दसऱ्याला आमच्या टेबलावरची मोहीम, म्हणजे छोट्या सैनिकांनी खेळायचा युद्धखेळ, सुरू करायची आहे. त्याआधी दोन फौजा रंगवून, बेसवर (तळपट्टीवर) चिकटवून, नोंदवहीत चढवून तयार हव्यात. अठराव्या शतकात फौजा पावसाळा छावणीत काढायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायच्या. आमच्या मोहिमेचं पंचांगही तेच ठेवलंय, मृग लागला की लढाई बंद. म्हणजे रंगकामाला उरतो तो बरोब्बर पावसाळा. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथं स्प्रेचा प्रायमर कसा नीट बसावा? मारला की सैनिकांवर पांढुरकी साय धरते, मॅट वॉर्निशचंही तेच. हा पहिला प्रश्न. दुसरा फौजांच्या रचनेचा आहे आणि तो मला जास्त छळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राज्यं दोन्ही काल्पनिक आहेत. पश्चिमेला घाटमाथ्यावरचं भद्रगड, पूर्वेला काळ्या रानातलं नीलकोट, मधून वाहणारी तारिणी नदी. खरा इतिहास का घेतला नाही, हे कुणीतरी विचारणारच. आमच्या गटात कोल्हापूरचे आहेत, साताऱ्याचे आहेत, सांगली-मिरजेकडचेही आहेत. १७३१ चा वारणेचा तह किंवा १७९९ ची पट्टणकुडीची लढाई, जिच्यात परशुरामभाऊ पटवर्धन पडले, असलं काही टेबलावर मांडलं की प्रत्येकाला आपल्याकडचीच बाजू हवी असते, आणि पुढं काय झालं हेही सगळ्यांना पाठ असतं. काल्पनिक राज्यांत वारसाहक्काचे तंटे, चौथाई, थकलेला पगार, फितुरी हे सगळं त्या काळचं ठेवता येतं आणि निकाल खरोखर खेळून लागतो.

सैनिक १५ मिमीचे, शिसं-कथिलाच्या मिश्रधातूचे. तोफा मात्र थ्रीडी प्रिंट केलेल्या. एक सैनिक म्हणजे २० माणसं असं धरलंय. गारद्यांची, म्हणजे कवायती पायदळाची, पलटण २४ सैनिकांची, म्हणजे ४८० माणसं, ४० बाय ३० मिमीच्या चार बेसवर सहा-सहा. घोडदळाचं पथक १२ स्वारांचं, चार बेसवर तीन-तीन. तोफेला ४० बाय ४० चा बेस आणि चार गोलंदाज. भद्रगडाकडे १० पथकं, ३ पलटणी, २ तोफा. नीलकोटाकडे ६ पलटणी, ५ पथकं, ६ तोफा. शिवाय पेंढाऱ्यांच्या दोन टोळ्या, ज्या ज्याची लूट मोठी त्याच्या मागे जातील.

घोडदळात पागा आणि शिलेदार असे दोन प्रकार मुद्दाम वेगळे ठेवलेत. पागेतल्या बारगिराचा घोडा आणि हत्यार सरकारी. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, तो मेला तर त्याची रोजीरोटी गेली. म्हणून आमच्या नियमांत शिलेदारांचं पथक नुकसान दिसू लागताच लवकर मागं फिरतं. हा फरक रंगातही दिसावा असं वाटतं. पागेचे घोडे एका ठेवणीचे, बहुतेक कुमैत (तांबूस तपकिरी) आणि मुश्की (काळे), आणि शिलेदारांत अबलख (दुरंगी), सबजा (राखाडी-पांढरा), मधेच एखादा पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं). सगळे भीमथडीच्या, म्हणजे भीमाकाठच्या देशी घोड्यांच्या, अंगलटीचे, उंच विलायती घोडे नकोत.

आता खरी अडचण. देशी घोडदळाला गणवेश नव्हता. अंगरखा, तुमान, रुईभरले चिलखती अंगरखे, पागोटी, ज्याचं जे असेल ते. सगळ्यांना सरसकट भगवा फेटा बांधून मोकळं व्हायला मन घेत नाही. आणि रंगपेटीतले सगळे रंग उधळले तर टेबलाच्या पलीकडून पथक म्हणून काही ओळखूच येत नाही.

गारद्यांचं याच्या उलट. कवायती पलटणीला गणवेश असतो, पण ती पलटण राज्याची नसते, तिच्या सरदाराची असते. इब्राहिमखान गारदी आधी निजामाच्या चाकरीत होता, मग पेशव्यांकडे आला, १७६० ला उदगिरात निजामाच्याच विरुद्ध लढला आणि पुढच्या वर्षी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं उभा राहिला. आमच्या मोहिमेतही दोन महिन्यांचा पगार थकला की पलटण बोलणी सुरू करू शकते, हा नियम मला काही झालं तरी सोडायचा नाही. पण नीलकोटाची निळ्या डगल्यांची पलटण उद्या भद्रगडाकडे गेली, तर ती कुणाची हे टेबलावर दिसणार कसं? पुन्हा रंगवणं शक्य नाही. डगल्याचा रंग राज्याचा ठेवावा की सरदाराचा? राज्याची खूण नेमकी कुठं ठेवावी? आणि सुरुवात कुठून करावी, एक फौज पूर्ण करून दुसरी घ्यावी की दोन्हीकडचं थोडं थोडं?

रंग स्टेशनरीच्या दुकानातलेच ॲक्रिलिक वापरतोय, विलायती बाटल्या मोजक्याच आहेत. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा, कितीही लांबलं तरी चालेल.

प्रतिसाद १

भावा, आपल्याकडं गणपतीचं सगळं काम ऐन पावसातच चालतंय की. मी सीझनला गंगावेशीत एका कारखान्यात रंगकामाला असतो, तिथलं सांगतो, तुला उपयोगी पडेल.

पाऊस पडत असताना स्प्रे मारायचाच नाही. उघडीप मिळाली, ऊन दिसलं, की तेवढ्या वेळात जेवढं होईल तेवढं. उघडीप नसेल तर ब्रशनं प्रायमर लाव. जेसो (अस्तराचा पांढरा रंग) पातळ करून दोन हात दिलेस तर १५ मिमीच्या सैनिकाला पुरे, फक्त खाचा बुजवू नकोस. त्याआधी सैनिक भांड्याच्या साबणानं धुऊन घे, साच्याची भुकटी अंगावर राहिली तर कुठलाच प्रायमर धरत नाही. शिसं असल्यामुळं घासताना तोंडाला मास्क, नंतर हात धुवायचे, आणि लहान पोरं जवळ नकोत.

वाळवायला आम्ही हॅलोजन लावतो. तुझा माल चिमूटभर, तुला झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि तळाला सिलिका जेलच्या पुड्या बास. प्रत्येक हातानंतर रात्रभर डब्यात. प्रिंट केलेल्या तोफा मात्र उष्णतेजवळ नेऊ नको, वाकतात.

आणि एकेक सैनिक पुरा करत बसू नको. आमच्याकडं आधी सगळ्या मूर्तींचं अंग होतं, मग सगळ्यांची पितांबरं, मग शेले, दागिने, डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. तू आइस्क्रीमच्या काड्यांवर सहा-सहा सैनिक चिकटव आणि पलटणभर एकच रंग घेऊन फिर. अंगरखे सगळ्यांचे, मग पागोटी सगळ्यांची, मग बंदुका. डोळ्यांच्या वाटेला जाऊच नको. १५ मिमीला भुवईखाली गडद वॉश (खूप पातळ केलेला रंग) बसला की चेहरा आपोआप उठतो.

स्टेशनरीतले रंग चालतात, पण पिवळा आणि लाल एका हातात झाकत नाहीत. पिवळ्याखाली आधी फिकट बदामी दे, लालाखाली विटकरी.

प्रतिसाद २

छान मोहीम आहे. मी युरोपातल्या सात वर्षांच्या युद्धाच्या धर्तीवर काल्पनिक राज्यं खेळवतो, त्यातून दोन गोष्टी सांगतो.

डगल्याचा रंग सरदाराचाच ठेवा, पूर्ण विश्वासानं ठेवा. युरोपात प्रशियाचा निळा, ऑस्ट्रियाचा पांढरा, रशियाचा हिरवा असा डगला राजाचा असायचा आणि रेजिमेंट ओळखायची ती बाह्यांच्या आणि गळ्याच्या पट्टीवरून. तुमच्याकडे पलटण विकत मिळते, म्हणून हे उलटं करा. डगला पलटणीसोबत जातो, आणि राज्य दिसतं ते निशाणावरून. निशाण काढता-घालता येईल असं करा. निशाणबरदाराच्या हातात बारीक पितळी नळीचा तुकडा चिकटवायचा आणि निशाणाची काठी म्हणून पोलादी तार त्यात उतरवायची. कागदावर छापलेलं निशाण फेविकॉल लावून तारेवर दुमडा, ओलं असतानाच त्याला लाटा द्या. प्रत्येक पलटणीसाठी दोन्ही राज्यांची निशाणं आधीच करून ठेवा. भगवा झेंडा किंवा जरीपटका वापरू नका, काल्पनिक राज्यांना स्वतःची चिन्हं द्या, नाहीतर खेळणारे मनात पुन्हा खऱ्या इतिहासात जातात.

घोडदळासाठी त्या काळच्या कापडात दिसणारे रंगच धरा. नीळ, मंजिष्ठाचा आणि आल झाडाच्या मुळीचा लाल, कुसुंब्याचा गुलाबी, हळदीचा पिवळा, हिरड्याचा काळपट, आणि बिनरंगाचं मांजरपाट भरपूर. प्रत्येक स्वाराच्या निम्म्या अंगावर मांजरपाट राहू द्या. मग पथकागणिक एक रंग निवडून तो तिघांतल्या दोघांच्या पागोट्याला किंवा कमरबंदाला द्या. पागेला हा नियम कडक लावा, शिलेदारांना सैल. लांबून पथक दिसतं आणि जवळून माणसं वेगवेगळी दिसतात.

रंगवण्याचा क्रम नकाशावरून काढा. मोहिमेच्या पहिल्या महिन्यात कुठल्या चौकी एकमेकींना भिडू शकतात ते बघा आणि तेवढ्याच तुकड्या आधी करा. दोन्हीकडची दोन-दोन पथकं, एकेक पलटण, एक तोफ. एवढ्यावर खेळ सुरू होतो. राजधानीतली राखीव फौज दिवाळीनंतर रंगली तरी बिघडत नाही.

नोंदीसाठी प्रत्येक बेसच्या खालच्या बाजूला क्रमांक घाला आणि त्याच क्रमांकाचं कार्ड करा. कार्डावर सरदार, हजर माणसं, थकलेला पगार, शेवटचा मुक्काम एवढंच. लढाईनंतर किती माणसं परत आली हे कार्डावर उतरवायचं, बेसला हात लावायचा नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काढता येणाऱ्या निशाणानं माझा मोठा गुंता सुटला. पगार थकल्याची बोलणी झाली की समोरच्याच्या डोळ्यांदेखत निशाण बदलायचं, हे मी नियमातच घालतोय.

बेसचं विचारायचं राहिलं. एमडीएफ पावसाळ्यात फुगतो म्हणून उद्यमनगरात लेझरवर १ मिमी पत्र्याचे कापून घ्यायचा विचार आहे. भद्रगडाच्या बेसवर पन्हाळ्याकडची तांबडी माती आणि नीलकोटाच्या बेसवर शिरोळकडची काळी माती लावली, तर राज्य तिथंही ओळखू येईल ना?

प्रतिसाद ३

पत्रा एकदम योग्य. दोन्ही बाजूंनी प्रायमर मारा, नाहीतर गंज मातीतून वर येतो. ठेवायला पत्र्याची ट्रंक घ्या आणि तळाला चिकटणारी चुंबकी शीट अंथरा, टेंपोतून नेली तरी सैनिक हलत नाहीत. घेताना चुंबक लावून बघा, स्टेनलेस स्टीलच्या काही डब्यांना तो चिकटत नाही.

मातीचा बेत मात्र मला पटत नाही. भद्रगडाचं पथक तारिणी ओलांडून काळ्या रानात उतरलं की पायाखाली तांबडा तुकडा घेऊन फिरणार. आणि पलटण फितूर झाली की माती बदलता येणार नाही, म्हणजे डगल्याची जी अडचण होती तीच पायाखाली आली. दोन्ही फौजांना एकच धुळकट तपकिरी जमीन द्या आणि वर वाळक्या गवताचे तुरळक झुबके. खरी माती वापरणार असाल तर वस्त्रगाळ करून तव्यावर भाजून घ्या, मग फेविकॉलमध्ये कालवा. ओली राहिली तर बुरशी धरते. वाळलेल्या चहाच्या चोथ्याचंही तेच.

धागाकर्ता

पटलं. जमीन एकच ठेवतो. तांबड्या आणि काळ्या मातीचा हिशोब नकाशाच्या चौकोनांवर आणि खाली अंथरायच्या कापडावर करतो, तिथं तो शोभेल. पत्र्याच्या बेसचं माप घेऊन उद्याच उद्यमनगरात जातोय, आणि पहिल्या खेपेला प्रतिसाद दोनमध्ये सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडची दोन-दोन पथकं आणि एकेक पलटण एवढंच घेतो.

एकच राहिलंय. घोड्यांना वॉश घरीच करायचा आहे, तपकिरी शाई आणि पाणी मिसळून. कुमैत घोड्यावर तो डाग न पडता खाचांतच बसावा म्हणून त्यात ॲक्रिलिक मीडियम (रंगात मिसळायचं बिनरंगी द्रव) किती घालायचं? ज्यांनी केलाय त्यांनी प्रमाण सांगा, आणि सबजा घोड्याला तीच तपकिरी शाई चालेल की राखाडी वेगळी करावी लागेल, तेही लिहा.